ओवाळणी आणि अंदाजपत्रक

महाराष्ट्राने 2024 साली साडेपाच महिन्यांच्या अंतराने दोन निकाल पाहिले आणि ते एकमेकांशी इतके विसंगत होते की त्यांचा अर्थ लावताना भल्याभल्या विश्लेषकांची तारांबळ उडाली. 4 जूनला लागलेल्या लोकसभेच्या निकालात राज्यातील 48 जागांपैकी 30 महाविकास आघाडीकडे, 17 महायुतीकडे आणि एक अपक्षाकडे गेली. 23 नोव्हेंबरला मात्र विधानसभेच्या 288 जागांपैकी 230 जागा महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी जिंकल्या आणि आघाडीचे तीन प्रमुख पक्ष मिळून 46 वर अडकले. या उलथापालथीची कारणे सांगताना दोन्ही बाजूंनी जी भाषा वापरली ती निकालांपेक्षाही बोलकी होती. जूनमध्ये हरलेल्यांची तक्रार होती की संविधान बदलले जाणार असे खोटे ‘नॅरेटिव्ह’ पसरवून मतदाराच्या भावनेला हात घालण्यात आला. नोव्हेंबरमध्ये हरलेल्यांनी तीच तक्रार नावे बदलून केली, आणि जूनमध्ये भावनेला नावे ठेवणारे आता जनतेने विकासाला कौल दिल्याचे सांगू लागले. म्हणजे आपल्याला मिळालेले मत ते विचारपूर्वक दिलेले आणि दुसऱ्याला मिळालेले ते भावनेच्या भरात दिलेले, अशी ही सोयीची विभागणी आहे, आणि ती करण्यात पुढारी एकटे नाहीत. वृत्तपत्रांचे अग्रलेख आणि दिवाणखान्यांतील चर्चाही याच वाटेने जातात.

या विभागणीमागे एक गृहीत दडलेले असते. भावना ही फसवणूक, धोरण हे सत्य, आणि सुजाण मतदार तोच जो पहिलीला बाजूला सारून दुसऱ्याकडे पाहतो, असे ते गृहीत आहे. नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकाला हे गृहीत लावून पाहिले की ते तिथल्या तिथे कोलमडते. विदेश व्यापार महासंचालनालयाने 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्यांतील भाव कोसळले, आणि 4 मे 2024 रोजी, म्हणजे जिल्ह्यातील मतदान तोंडावर आले असताना, बंदी उठवून तिच्या जागी 40 टक्के निर्यातशुल्क आणि टनाला 550 डॉलरची किमान निर्यातकिंमत आणण्यात आली. दिंडोरी मतदारसंघात केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार यांचा भास्कर भगरे या शिक्षकी पेशातील उमेदवाराने पराभव केला. तेथील शेतकऱ्याचा संताप ही भावना होती यात शंका नाही. पण त्या संतापाला दिनांक होता, अधिसूचना होती, लिलावातल्या बोलीचा आकडा होता, आणि तो ज्या निर्णयावर होता तो निर्णय कोणी घेतला हे सांगायला सभा घ्यावी लागत नव्हती. भावना आणि धोरण यांच्यात तेथे सुई शिरण्याइतकी फट नव्हती.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातील सोयाबीन उत्पादकही अडचणीत होता. किमान आधारभूत किंमत, म्हणजे ज्याखाली भाव जाऊ नये म्हणून केंद्र सरकार जाहीर करते ती किंमत, क्विंटलला 4892 रुपये होती आणि बाजारात तो भाव मिळत नव्हता. तरीही कांद्याने लोकसभेला जे घडवले ते सोयाबीनने विधानसभेला घडवले नाही. त्याचे एक कारण असे दिसते की सोयाबीनच्या भावाचा धागा जागतिक खाद्यतेलाच्या किमती, आयातशुल्क आणि पेंडीची मागणी यांत गुंतलेला असतो, त्यामुळे राग धरायचा तर कोणावर हे ठरत नाही. शिवाय सप्टेंबरमध्ये केंद्राने खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढवलेले होते आणि दोन्ही आघाड्या वाढीव भावाचा शब्द देत फिरत होत्या. दुःख तेवढेच होते, पण त्याला पत्ता नव्हता.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ डोनाल्ड स्टोक्स यांनी 1963 साली निवडणुकीतील मुद्द्यांचे जे दोन प्रकार सांगितले ते येथे उपयोगी पडतात. काही मुद्दे भूमिकेचे असतात, म्हणजे त्यांवर लोक दोन बाजूंना विभागलेले असतात: दारूबंदी असावी की नसावी, एखादा प्रकल्प व्हावा की न व्हावा. दुसरे मुद्दे सर्वसंमतीचे असतात. भ्रष्टाचार वाईट, स्वस्ताई चांगली, महिलांचा सन्मान हवा, याविषयी कोणाचेच दुमत नसते आणि प्रश्न एवढाच उरतो की ती चांगली गोष्ट कोणत्या पक्षाच्या नावाशी जोडली जाते. प्रचारतज्ज्ञाचे बहुतेक कौशल्य पहिल्या प्रकारचा मुद्दा दुसऱ्या प्रकारात ढकलण्यात असते, कारण भूमिकेच्या मुद्द्यावर बोलले की निम्मे श्रोते दुरावतात आणि सर्वसंमतीच्या मुद्द्यावर बोलले की सगळेच माना डोलावतात. इंदिरा गांधींचे 1971 चे ‘गरीबी हटाओ’ हे त्याचे अभिजात उदाहरण म्हणता येईल. गरिबी राहू द्या असे म्हणणारा विरोधक त्या वर्षीही नव्हता आणि आजही नाही.

भावनेचे काम सगळीकडे एकसारखे नसते, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. टेड ब्रेडर यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 1998 च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीच्या सुमारास केलेल्या प्रयोगात एकच प्रचारसंदेश वेगवेगळ्या दृश्यांसह आणि संगीतासह लोकांना दाखवला. उत्साह जागवणाऱ्या जाहिरातींनी लोकांच्या आधीच्या निष्ठा अधिक घट्ट केल्या, तर भीती जागवणाऱ्या जाहिरातींनी त्या निष्ठा सैल करून त्यांना नव्याने विचार करायला लावले. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की राजकारणाची माहिती अधिक असलेले लोक या भावनिक आवाहनांना कमी बळी पडत नाहीत, उलट अधिक प्रतिसाद देतात. भावनिक मतदान म्हणजे अडाण्याचे मतदान, असे मानणाऱ्या शहरी मध्यमवर्गाला हा निष्कर्ष फारसा रुचणार नाही. भरतमुनींना मात्र त्याचे आश्चर्य वाटले नसते. उत्साह आणि भय हे दोन वेगळे स्थायिभाव आहेत, त्यांच्यातून वीर आणि भयानक असे दोन वेगळे रस उभे राहतात, आणि रसाचा खरा आस्वाद जाणकारच घेतो, हे आपल्याकडे फार पूर्वीच मांडले गेले आहे.

तेव्हा प्रचारात भावना असावी की नसावी हा प्रश्न निरर्थक ठरतो. ज्या मागणीवर भावना स्वार होते ती मागणी नंतर तपासता येण्याजोगी राहते की नाही, हा प्रश्न मात्र उरतो, आणि महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात त्याची निरनिराळी उत्तरे सापडतात.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीइतकी भावनेने भारलेली निवडणूक या राज्याने 1957 नंतर पाहिलेली नाही. 1955-56 मधील गोळीबारांत शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली होती, अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांची शाहिरी मैदाने भारून टाकत होती, आणि आचार्य अत्र्यांचे ‘मराठा’ दैनिक नोव्हेंबर 1956 पासून रोज सकाळी तोफ डागत होते. परंतु याच चळवळीच्या पोटात कागदपत्रांचा एक जाडजूड थर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली भाषिक प्रांत आयोगापुढे महाराष्ट्राच्या प्रांताविषयी सविस्तर निवेदन मांडून मुंबईवरच्या दाव्याचा एकेक आक्षेप खोडून काढला होता, आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी त्याच प्रश्नाची आर्थिक आणि प्रशासकीय बाजू राज्य पुनर्रचना आयोगासाठी बांधली होती. मैदानावर बसलेल्या गिरणी कामगाराने ही निवेदने वाचली नव्हती आणि वाचण्याची गरजही नव्हती, कारण ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ या घोषणेत धोरणाचा सगळा गाभा उतरलेला होता: मुंबई हवी, मराठी मुलूख एकत्र हवा, द्वैभाषिक राज्य नको. या तीनही गोष्टी मिळाल्या की नाही हे कोणालाही सांगता येण्याजोगे होते. 1 मे 1960 रोजी राज्य झाले. बेळगाव, कारवार आले नाहीत. त्यामुळे मागणीचा कोणता भाग पुरा झाला आणि कोणता राहिला याचा हिशेब मराठी माणूस आजतागायत बिनचूक मांडतो. चळवळ चालवणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीचे पुढे जे झाले ते झाले, पण मतदाराच्या हाती मोजपट्टी राहिली.

याच्या दुसऱ्या टोकाला 1995 ची विधानसभा निवडणूक आणि दाभोळचा वीजप्रकल्प आहे. धोरणाचा अतिशय किचकट प्रश्न प्रचारात आला, गाजला, सत्तांतराला त्याचा हातभार लागला, आणि तरीही त्या प्रश्नाचे जे व्हायला नको होते तेच झाले, असे हे प्रकरण असल्यामुळे त्याकडे थोडे थांबून पाहावे लागते.

या प्रकल्पासाठी अमेरिकेतील एन्रॉन कंपनीशी राज्याचा पहिला सामंजस्य करार जून 1992 मध्ये झाला आणि राज्य वीज मंडळाने वीजखरेदी करारावर डिसेंबर 1993 मध्ये सही केली. वीजखरेदी करार म्हणजे एखाद्या उत्पादकाकडून किती वर्षे, किती वीज, कोणत्या सूत्राने ठरलेल्या दराने घ्यायची याचे बंधनकारक कलमबद्ध आश्वासन. या करारासाठी स्पर्धात्मक निविदा मागवल्या गेल्या नव्हत्या. दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता, म्हणजे रुपया घसरला की वीज आपोआप महागणार होती. आणि सर्वांत जड कलम क्षमता-आकाराचे होते, ज्यानुसार मंडळाने वीज उचलली नाही तरी ती पुरवण्याची तयारी ठेवल्याबद्दल कंपनीला ठरावीक रक्कम द्यावीच लागणार होती. जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज नाकारताना तो आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असेच म्हटले होते. पुण्यातील ‘प्रयास’ या संस्थेच्या गिरीश संत, शंतनू दीक्षित आदी अभ्यासकांनी या कलमांचा मराठी वाचकाला कळेल असा उलगडा केला, गुहागर तालुक्यातील गावकऱ्यांनी जमिनीच्या आणि समुद्राच्या प्रश्नावर आंदोलन उभारले, आणि मृणाल गोरे यांच्यासारख्या नेत्यांनी त्यांना साथ दिली.

या सगळ्यातून राज्यभर पोहोचले ते मात्र गोपीनाथ मुंडे यांचे एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याचे वाक्य. मुंडे यांची वक्तृत्वावर हुकमत होती आणि सभेतला सामान्य माणूस कुठल्या शब्दाला टाळी देतो याचे त्यांना अचूक भान होते. क्षमता-आकार या शब्दावर टाळी पडत नाही, समुद्रावर पडते. शिवसेना आणि भाजपने मिळून 138 जागा जिंकल्या, मार्च 1995 मध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि मुंडे उपमुख्यमंत्री झाले, मुंडे यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने कराराची छाननी केली आणि ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाल्याची घोषणाही झाली. मतदाराला दिलेला शब्द पाळला गेला असे त्या घटकेला म्हणता आले असते. पुढे नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या अधिकारी रिबेका मार्क यांनी ‘मातोश्री’वर बाळासाहेब ठाकरे यांची भेट घेतली, फेरवाटाघाटी सुरू झाल्या, आणि जो नवा करार आकाराला आला त्यात आधीच्या 2015 मेगावॉटऐवजी 2184 मेगावॉटचा प्रकल्प, तोही दोन्ही टप्पे बांधील स्वरूपात, मान्य करण्यात आला. राज्याने पैसे चुकवले तर ते भरून देण्याच्या केंद्राच्या प्रतिहमीवर वाजपेयी यांच्या तेरा दिवसांच्या सरकारने मे 1996 च्या अखेरीस, विश्वासदर्शक ठरावाला सामोरे जाण्याच्या घाईतही, मंजुरीची मोहर उमटवली. पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला, विजेचा दर काही महिन्यांत युनिटला 7 रुपयांच्या घरात गेला, वीज मंडळ खिळखिळे झाले, मे 2001 मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉनच अमेरिकेत दिवाळखोर ठरली.

या घसरणीला जागतिक भांडवलापासून नोकरशाहीच्या अंतर्गत कारणांपर्यंत अनेक बाजू आहेत, आणि त्या माधव गोडबोले समितीने 2001 मध्ये तपशिलाने तपासल्या. प्रचाराच्या दृष्टीने त्यातील एकच गोष्ट पाहण्याजोगी आहे. मतदाराला सांगितले गेले होते ते समुद्राविषयी, कलमांविषयी नाही. त्यामुळे प्रकल्प रद्द झाला तेव्हा त्याला विजय वाटला, आणि तोच प्रकल्प थोड्या कमी दराच्या दाव्यासह अधिक मोठा होऊन परत आला तेव्हा नेमके काय हरवले हे विचारण्यासाठी त्याच्याकडे शब्दच नव्हते. करार डॉलरमुक्त करू किंवा न उचललेल्या विजेचे पैसे देणार नाही, असे एखादे वाक्य जाहीर सभांतून राज्यभर गेले असते तर 1996 च्या कराराला तेच वाक्य लावून पाहता आले असते. संतापाला इतके भव्य रूप दिले गेले की त्यात मोजण्यासारखे काही शिल्लक राहिले नाही.

त्याच निवडणुकीतील एक रुपयात झुणका-भाकर आणि मुंबईतील झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे या आश्वासनांची मात्र अशी गत झाली नाही. ती भावनिक होती, काहीशी अतिशयोक्त होती, पण भाकरीची किंमत आणि घराची किल्ली या तपासता येण्याजोग्या वस्तू असल्यामुळे त्या युतीला पुढील प्रत्येक निवडणुकीत त्यांचा जाब द्यावा लागला. मोफत घरांचे आकडे कधीच पुरे झाले नाहीत, ही गोष्ट विरोधकांइतकीच झोपडीतल्या माणसालाही ठाऊक होती.

भावनिक आवाहनाला कायद्याने कुठवर वेसण घालता येते याचा भारतातला बराचसा न्यायनिर्णय मुंबईच्याच मतदारसंघांतून घडला आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123 मध्ये धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे आणि या आधारांवर समाजात वैर वाढवणे हा भ्रष्ट मार्ग ठरवला आहे. भ्रष्ट मार्ग म्हणजे ज्याच्या सिद्धतेने निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होते असे वर्तन. विलेपार्ल्याच्या डिसेंबर 1987 मधील पोटनिवडणुकीत रमेश प्रभू निवडून आले, त्यांच्याविरुद्ध प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने बाळासाहेब ठाकरे यांच्या प्रचारसभांतील भाषणांच्या आधारे ती निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1995 मध्ये तो निर्णय कायम ठेवला. पण त्याच दिवशी मनोहर जोशी यांच्या दादर मतदारसंघाच्या प्रकरणात मात्र पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल हे विधान केवळ आशा व्यक्त करणारे आहे असे मानून त्यांची निवड वैध ठरवली. पुढे सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंह प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने जानेवारी 2017 मध्ये चार विरुद्ध तीन अशा मताने निर्णय दिला की उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माचा, जातीचा वा भाषेचा आधार घेऊन मत मागणेही निषिद्ध आहे.

या निर्णयांनी प्रचाराची भाषा सुसंस्कृत झाली असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. योगी आदित्यनाथ यांचे ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि पंतप्रधानांनी नोव्हेंबर 2024 मध्ये धुळ्याच्या सभेत दिलेले ‘एक हैं तो सेफ हैं’ या घोषणांत कोणत्याही धर्माचे नाव नाही, आणि ती नावे गाळण्यात कायद्याचा अभ्यास दिसतो. अजित पवार यांनी पहिली घोषणा महाराष्ट्रात चालणार नाही असे उघडपणे सांगितले, पंकजा मुंडे यांनीही तिच्यापासून अंतर राखले. महायुतीतच अशी दोन तोंडे होणे हा गोंधळ होता की वाटून घेतलेले काम होते, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

कायद्याला दुसरी एक बाजू आहे आणि ती प्रचाराच्या चर्चेत क्वचितच येते. पैशाचे आमिष हाही भ्रष्ट मार्गच आहे, पण तमिळनाडूतील मोफत दूरचित्रवाणी संच आणि मिक्सर-ग्राइंडर यांच्या आश्वासनांविरुद्धच्या सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये स्पष्ट केले की पक्षाने जाहीरनाम्यात सर्वांना उद्देशून दिलेले वचन या व्याख्येत बसत नाही. न्यायालयाच्या सूचनेवरून निवडणूक आयोगाने आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घातली, आश्वासनांसाठी पैसा कोठून आणणार याचा ढोबळ खुलासा अपेक्षित असल्याचे सांगितले, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये तर खर्चाचा तपशील भरून देण्याचा एक ठरीव तक्ताच पक्षांपुढे प्रस्ताव म्हणून ठेवला. पक्षांना तो आवडला नाही, यात नवल काही नाही.

या पार्श्वभूमीवर ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेकडे पाहिले की तिची रचना प्रचारशास्त्राच्या दृष्टीने किती नेमकी होती हे ध्यानात येते. लोकसभेचा निकाल लागून महिनाही झाला नव्हता तेव्हा, 28 जून 2024 रोजी, अर्थमंत्री अजित पवार यांनी ती मांडली. 21 वर्षांवरील पात्र महिलेला महिन्याला 1500 रुपये आणि वर्षाला 46 हजार कोटींची तरतूद. मध्य प्रदेशात शिवराजसिंह चौहान यांच्या ‘लाडली बहना’ योजनेने 2023 च्या निवडणुकीत काय साधले होते हे सर्वांसमोर होते. मूळ शासन निर्णयात वयाची मर्यादा 60 होती, कुटुंबाकडे पाच एकरांपेक्षा अधिक जमीन नसावी अशी अट होती आणि अर्जाची मुदत जुलैच्या मध्यापर्यंतच होती. तहसील कार्यालयांसमोर उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी रांगा लागल्या, आणि काही दिवसांतच वय 65 झाले, जमिनीची अट गेली, मुदत वाढली, पिवळी वा केशरी शिधापत्रिका असेल तर अडीच लाखांच्या उत्पन्नाचा दाखला नको आणि अधिवासाच्या दाखल्याऐवजी 15 वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल, असे ठरले. बाकीच्या अटींसाठी, म्हणजे घरात कोणी आयकर भरत नाही, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नाही वगैरे, अर्जासोबत एक हमीपत्र होते ज्यावर महिलेने स्वतःच खुणा करून सही करायची होती. अंगणवाडी सेविकांनी हे अर्ज मोबाइलवरून भरले. पडताळणीचा सगळा भार असा त्या हमीपत्रावर टाकून तपासणी पुढे ढकलली गेली, आणि किती पुढे, तर मतदानाच्या पलीकडे.

पहिले दोन हप्ते ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर जमा झाले, आणि आचारसंहिता लागण्याआधी नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते भाऊबीजेची ओवाळणी म्हणून आगाऊ देण्यात आले. मतदानाआधी पात्र महिलेच्या खात्यात एकूण 7500 रुपये पोहोचले होते. लाभार्थींची संख्या सव्वादोन कोटींच्या पुढे गेली होती. अजित पवार गुलाबी जाकीट घालून जनसन्मान यात्रेत राख्या बांधून घेत होते. महिलांच्या मतदानाचे प्रमाण 2019 च्या तुलनेत सुमारे 6 टक्केबिंदूंनी वाढले. आघाडीची कोंडी पाहण्यासारखी होती: आधी तिजोरीवरच्या बोजाची टीका, आणि मग 6 नोव्हेंबरला मुंबईच्या सभेत महालक्ष्मी योजनेखाली 3000 रुपयांचे वचन. महायुतीने 2100 चा शब्द दिला होता. बोजाचा मुद्दा मांडणारा पक्षच दुप्पट देऊ म्हणू लागल्यावर त्या मुद्द्याला वाली उरला नाही.

ही योजना म्हणजे केवळ मतांची खरेदी, असे म्हणून तिला निकालात काढणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. ज्या घरात बाईच्या नावावर कधी पैसा आला नाही तेथे तिच्या स्वतःच्या बँक खात्यात दरमहा 1500 रुपये येणे हा धोरणात्मक बदल आहे, आणि रोख हस्तांतरणाच्या बाजूने अर्थशास्त्रात भक्कम युक्तिवाद आहेत. तरीही एक तुलना टाळता येत नाही. याच राज्यात 1980 पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, आणि तिच्याखाली विधवा, अपंग, परित्यक्ता अशा व्यक्तींना 2024 मध्ये महिन्याला तेवढेच 1500 रुपये मिळत होते. त्यासाठी बहुतेक अर्जदारांना तेव्हा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचे सिद्ध करावे लागत होते, तालुक्याच्या समितीपुढे प्रकरण जात होते, आणि हाती येत होते ते निराधार असल्याचे शासकीय शिक्कामोर्तब. त्या योजनेने आजवर कोणाला निवडणूक जिंकून दिल्याचे ऐकिवात नाही. रक्कम एकच, खाते सरकारचेच. एका ठिकाणी दयेचा अर्ज आणि दुसऱ्या ठिकाणी भावाने घातलेली ओवाळणी.

नात्याच्या या चौकटीत प्रश्न विचारणे अवघड होते. ओवाळणीत भावाने किती घातले हे बहीण मोजत नाही, आणि त्याने कर्ज काढून घातले का हे विचारणे तर अशोभनीयच. ज्यांनी योजनेच्या खर्चाविषयी शंका काढल्या त्यांना सावत्र भाऊ म्हणून हिणवले गेले, आणि वित्तीय प्रश्नाचे एका क्षणात कौटुंबिक अपमानात रूपांतर झाले. याच राज्याने वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून 1970 च्या दशकात रोजगार हमी योजना उभी केली, तिच्यासाठी शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला, आणि 1977 मध्ये तिला कायद्याचे रूप दिले. मागितल्यावर काम मिळाले नाही तर भत्ता मागण्याचा हक्क मजुराला मिळाला. पैसा कोठून येणार हेही त्या योजनेच्या अंगातच लिहिलेले होते. हमी मागता येते, तिच्यासाठी तहसीलवर मोर्चा नेता येतो. ओवाळणी मागणारी बहीण मात्र लोभी ठरते.

निवडणुकीनंतर घडले ते या रचनेला धरूनच घडले. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 2100 रुपयांचा उल्लेख आला नाही आणि योजनेची तरतूद 36 हजार कोटींवर आली; राज्यावरील कर्ज 9 लाख 32 हजार कोटींच्या आसपास जाईल असा अंदाज त्याच कागदपत्रांत होता. सामाजिक न्याय विभागाचा निधी या योजनेकडे वळवला गेल्याबद्दल त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. जी पडताळणी 2024 च्या पावसाळ्यात झाली नव्हती ती आता सुरू झाली: चारचाकी असलेली घरे, एकाच कुटुंबातील अनेक अर्ज, अन्य योजनांचा लाभ घेणाऱ्या महिला, एवढेच नव्हे तर यादीत शिरलेले पुरुषही. जुलै 2025 मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी 26 लाखांहून अधिक लाभार्थींचा लाभ तात्पुरता थांबवल्याचे जाहीर केले. त्यात अपात्र कोण होत्या आणि कागदाच्या घोळात अडकलेल्या पात्र कोण, हे वेगळे काढण्याचे काम पुन्हा जिल्हा प्रशासनाकडे आणि अंगणवाडी सेविकांकडेच आले, आणि त्यांनी आपल्यावरच्या या वाढत्या कामाविषयी नाराजी लपवली नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये सर्व लाभार्थींना ई-केवायसी, म्हणजे आधारच्या साहाय्याने ऑनलाइन ओळखपडताळणी, सक्तीची करण्यात आली. तिच्यात महिलेच्या स्वतःच्या आधार क्रमांकाबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्याच्या मोबाइलवर येणारा सांकेतिक अंक द्यायचा होता. ज्या महिलांचे पती आणि वडील दोघेही हयात नव्हते, ज्यांचा घटस्फोट झाला होता किंवा ज्यांना नवऱ्याने टाकले होते, त्यांचा अर्ज त्या पायरीवर अडला. संकेतस्थळ अनेकदा बंद पडत होते, त्यामुळे गावोगावच्या सेतू केंद्रांवर पुन्हा रांगा लागल्या. शेवटी 18 नोव्हेंबरची मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली आणि अशा महिलांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा न्यायालयीन आदेश अंगणवाडी सेविकेकडे आणून द्यावा, अशी तरतूद नव्याने करावी लागली. योजना अद्याप शासन निर्णयावरच उभी आहे, तिला विधिमंडळाच्या कायद्याचा आधार नाही, आणि त्यामुळे वयाची, उत्पन्नाची वा कागदपत्रांची अट बदलायची तर सभागृहात मतदान घ्यावे लागत नाही. मंत्रालयातून नवा शासन निर्णय निघाला की पुरते.